बांध ज्याचा, शहर त्याचं

२९.७३ मीटर. चीनमधल्या वुहान शहराच्या हांखौ या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना हा आकडा तोंडपाठ असतो. १९५४ च्या ऑगस्टमध्ये यांगत्से नदीचं पाणी कस्टम हाउससमोरच्या मोजपट्टीवर इथवर चढलं होतं. १९९८ साली ते २९.४३ वर थांबलं. १९३१ साली मात्र फक्त २८.२८ झालं होतं, तरी तेवढ्यात अख्खं शहर बुडालं. म्हणजे ज्या पाण्यानं हांखौ एकदा पार बुडवलं, त्याहून जवळजवळ दीड मीटर जास्त पाणी तेवीस वर्षांनी आलं आणि शहराच्या मुख्य वस्तीत शिरू शकलं नाही. फरक पडला होता तो बांधात, आणि बांध राखणाऱ्यांत.

कामानिमित्त वुहानला राहणं झालं तेव्हापासून हे शहर माझ्या डोक्यातून जात नाही. वुहान म्हटलं की आता जगाला एकच गोष्ट आठवते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तिथे नदीकाठी उभं राहिलं की पाचशे वर्षांचा कारभार डोळ्यांसमोर असतो. वुहान हे मुळात तीन गावांचं मिळून झालेलं शहर. यांगत्सेच्या दक्षिण काठाला वुचांग. तिथे प्रांताची राजधानी, मोठमोठे साहेब, परीक्षेचे मंडप. उत्तर काठाला हान नदी येऊन मिळते. तिच्या एका बाजूला हानयांग, तिथे जिल्ह्याची कचेरी. आणि दुसऱ्या बाजूला हांखौ, तिथे फक्त माल, माणसं आणि होड्या.

हांखौ तसं तरुण आहे. पंधराव्या शतकात, १४६५ नंतरच्या काही वर्षांत, हान नदीनं आपलं पात्र बदललं आणि हानयांगच्या उत्तरेकडून ती यांगत्सेला मिळू लागली. नव्या मुखाशी होड्या नांगरायला सुरक्षित जागा तयार झाली. तिथल्या दलदलीत आधी कोळी आले, मग तांदूळवाले, मीठवाले, लाकूडवाले. दोनशे वर्षांच्या आत चीनच्या चार नामांकित व्यापारी गावांत हांखौची गणना होऊ लागली. बाकीची तीन म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं चिंगदजन, दक्षिणेतलं फोशान आणि मध्य चीनमधलं झुश्येन. हुनानचा तांदूळ, सिच्वानची औषधी मुळं, ह्वाय नदीच्या खोऱ्यातलं मीठ, वायव्येची कातडी, सगळं इथे उतरायचं आणि इथूनच पुढे जायचं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. एवढं मोठं गाव, पण त्याला स्वतःची कचेरी नव्हती. सरकारदरबारी हांखौ म्हणजे हानयांग तालुक्याचा नदीपलीकडचा एक भाग. तालुक्याचा न्यायाधीश म्हणा, कलेक्टर म्हणा, तो हानयांगच्या तटाआड बसायचा. हांखौत येण्यासाठी त्याला नाव काढावी लागायची. गावात राहायचे ते दुय्यम अधिकारी. त्यांतले दोन चौकीदार दर्जाचे, प्रत्येकाकडे दोन दोन पेठा. या चार पेठांना कन्फ्यूशियसच्या शिकवणीतल्या सद्गुणांवरून नावं दिलेली होती. त्यांतली दोन नावं आज मेट्रोच्या पहिल्या मार्गावरच्या स्टेशनांना आहेत. सकाळच्या गर्दीत कानात इअरफोन घातलेली पोरं श्युनलीमन आणि दाझी लू या स्टेशनांवर चढतात-उतरतात, आणि मिंग काळातली पेठवारी अशी रोज पायाखाली येते. ती मेट्रो ज्या उंच खांबांवरून धावते, तिथे पूर्वी बीजिंग-हांखौ रेल्वेचे रूळ होते. या शहरात जुनं काही पुसलं जात नाही, त्याच्यावर फक्त दुसरं काहीतरी चढतं.

दोन चौकीदारांनी लाखांची वस्ती कशी सांभाळली? याचं सरळ उत्तर असं की त्यांनी ती सांभाळलीच नाही. कागदोपत्री घरटी नोंदणीची पद्धत होती. दहा घरांचा एक गट, त्यावर एक जबाबदार माणूस, अशा दहा गटांवर आणखी एक, अशी चढती साखळी. खेड्यात ती चालायची. हांखौत अर्धी माणसं होडीत झोपायची, उरलेली हंगामापुरती यायची. कोणाचं घर कुठलं हेच ठरवता येत नव्हतं, मग जबाबदारी कोणावर टाकणार?

ती जागा व्यापाऱ्यांच्या संघांनी भरली. शान्सी आणि शेन्सी प्रांतांतल्या व्यापाऱ्यांचा एकत्र संघ होता, ह्वेचौच्या लोकांचा होता, क्वांगतोंगवाल्यांचा होता, शिवाय धंद्याधंद्यांचे निराळे. आधी हे आपल्या गावाकडच्या माणसांपुरतं बघायचे. परमुलखात मेलेल्याची शवपेटी घरी पोचवणं, देवळात नवस, भांडणात मध्यस्थी, असली कामं. हळूहळू त्यांच्या हातात वजनमापं आली, धक्के आले, नदीपारच्या नावा आल्या. आग विझवण्याच्या टोळ्या त्यांच्या होत्या, कारण लाकडी घरांच्या त्या गावात आग ही रोजची धास्ती. आगीला आडवी वाट मिळावी म्हणून गल्ल्या रुंद करण्याचा खर्च संघांनी केला. दुष्काळात पेज वाटण्याची केंद्रं, बेवारशांना पुरण्याची जागा, हेही त्यांचंच. चिनी शहरात नागरिकांचा असा कारभार कधी नव्हताच, असं युरोपातले पंडित बराच काळ सांगत होते. एकोणिसाव्या शतकातलं हांखौ नीट पाहिल्यावर नंतरच्या इतिहासकारांना ते मत बदलावं लागलं. मला स्वतःला वाटतं, त्या संघांना लोकशाही म्हणणं जास्त होईल; हमालाला तिथे मत नव्हतं. पण आपल्या पेठेची काळजी आपण घ्यायची, सरकार येईपर्यंत थांबायचं नाही, ही गोष्ट तिथे शेकडो वर्षं प्रत्यक्षात चालली, आणि तिचा मला फार आदर वाटतो.

सरकारचा हात दिसतो तो एकाच ठिकाणी, पाण्यापाशी. हांखौच्या पुढे दोन नद्या आणि मागे तलाव-दलदल. पावसाळ्यात मागचं पाणी फुगलं की गाव दोन्हीकडून कोंडीत सापडायचं. १६३५ साली युआन चांग नावाच्या हानयांगच्या एका दुय्यम अधिकाऱ्यानं गावाच्या मागच्या बाजूनं लांबच लांब बांध घातला. माती काढली तिथे खंदक झाला आणि त्यातून होड्या चालू लागल्या. बांधाला लोकांनी त्याचंच नाव दिलं. त्याच्या वरच्या किती साहेबांनी किती फर्मानं काढली असतील, त्यांतलं एकही हांखौकरांना आठवत नाही. युआनचा बांध आठवतो. पुढच्या तीनशे वर्षांत हीच रीत दिसते: ज्यानं बांध घातला त्याचं नाव राहिलं.

१८५२ च्या अखेरीस आणि १८५३ च्या सुरुवातीला बादशहाविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडवाल्यांनी वुहानची तिन्ही गावं घेतली. पुढच्या काही वर्षांत हांखौ पुनःपुन्हा लुटलं आणि जाळलं गेलं. तेव्हा लक्षात आलं की या गावाला तटबंदीच नाही; कचेरी नाही तर तट कशाला, असाच तो हिशेब होता. १८६४ साली व्यापाऱ्यांच्या पैशातून तट उभा राहिला. तोवर गावाच्या पूर्वेला नवीनच मंडळी येऊन बसली होती.

१८५८ च्या तिअनचिनच्या तहानं यांगत्सेवरची बंदरं परकीयांना खुली करायचं ठरलं आणि १८६१ मध्ये ब्रिटिशांनी हांखौत नदीकाठची जमीन कायमच्या पट्ट्यानं घेतली. त्याच वेळच्या करारांत अफूचा व्यापार जकात लावून कायदेशीर झाला. इथे मला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. माळव्यातल्या संस्थानांची अफू मुंबईच्या गोदीतून चीनकडे जायची, त्यावर कंपनी सरकार आणि नंतर राणीचं सरकार परवान्याची फी घ्यायचं, आणि त्या व्यापारात मुंबईतल्या किती पेढ्यांचं भांडवल उभं राहिलं हे आपल्याला ठाऊक आहे. यांगत्सेच्या काठावरच्या देखण्या दगडी इमारतींची छायाचित्रं आपण कौतुकानं बघतो, तेव्हा त्या पैशाचा एक झरा आपल्या धक्क्यावरून वाहत गेला होता हे विसरता कामा नये.

ब्रिटिशांपाठोपाठ १८९५ ला जर्मन आले, १८९६ ला रशियन आणि फ्रेंच, १८९८ ला जपानी. एकाच नदीकाठावर ओळीनं पाच वसाहती. प्रत्येकीचे कायदे वेगळे, पोलीस वेगळे, रस्त्यांची नावं वेगळी. ब्रिटिश पट्ट्यात जमीनधारकांनी निवडलेलं मंडळ घरपट्टी बसवायचं, गटारं बांधायचं, दिवे लावायचं. चौकात उभा असायचा पंजाबातून आणलेला शीख शिपाई. त्या शिपायाचा मी बऱ्याचदा विचार करतो. स्वतःच्या देशात ज्यांची सत्ता होती त्यांच्याच नोकरीत, तिसऱ्याच देशात, चौथ्याच कोणाला तरी फुटपाथवरून हटवायचं काम. चिनी लोकांच्या मनात त्याच्याविषयी काय होतं ते जुन्या व्यंगचित्रांत दिसतं, आणि ते बघवत नाही.

रशियनांचं प्रकरण निराळं. त्यांना चहा हवा होता. आणि तो खुला नाही, विटांसारखा दाबलेला, कारण तो उंटांवरून सैबेरियात न्यायचा. १८७० च्या दशकात त्यांनी हांखौत वाफेवर चालणारे चहाच्या विटांचे कारखाने काढले. हांखौतल्या एका रशियन चहा-पेढीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला १८९१ साली रशियाचा युवराज स्वतः हजर राहिला. पुढे जो शेवटचा झार झाला तोच हा निकोलस. याच प्रवासात काही महिने आधी तो मुंबईत उतरून गेला होता. इंग्रज व्यापारी मात्र तोवर हांखौच्या चहातून पाय काढत होते, कारण आसाम आणि सिलोनचा चहा त्यांच्या हातात आला होता. हांखौत चहाचा हंगाम मे महिन्यात यायचा, चव घेणारे तज्ज्ञ बोटी भरून यायचे आणि समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत मोठाली समुद्री जहाजं लागायची. हे शक्य होतं ते फक्त उन्हाळ्यातल्या भरल्या नदीत. हिवाळ्यात पाणी बारा-एक मीटर खाली जायचं, काठाला उघड्या पायऱ्याच पायऱ्या दिसायच्या आणि हमाल पाठीवर पेट्या घेऊन त्या चढायचे. म्हणून धक्के तरंगते ठेवावे लागले. आजही ते तसेच आहेत.

जकातीचा कारभार परकीय आयुक्त आणि चिनी अधिकारी असा जोडीनं चालायचा. या कस्टमवाल्यांनी एक काम फार मोलाचं केलं. १८६५ पासून ते रोज नदीची पातळी लिहून ठेवू लागले. जहाजांसाठी सुरू केलेली ती नोंद पुढे पूरनियंत्रणाचा पाया झाली. सुरुवातीला सांगितलेले आकडे त्याच वहीच्या पुढच्या पानांवरचे. १९२४ मध्ये पुरी झालेली कस्टमची इमारत अजून उभी आहे. करड्या दगडाची, वर घड्याळाचा मनोरा, आत आता संग्रहालय. तासाचे टोल पलीकडच्या चालण्याच्या रस्त्यावरही ऐकू येतात. त्या रस्त्यावर पाच मिनिटं आत गेलं की गल्लीच्या तोंडाशी एखादी बाई उकडून तेल लावून ठेवलेल्या शेवया पुन्हा उकळत्या पाण्यात बुचकळते, झटकते, कागदी वाडग्यात टाकून वर तिळाची घट्ट पेस्ट, खारवलेला मुळा आणि कांद्याची पात घालते. हांखौकर ते चालता चालता खातात. न्याहारीला बसायला वेळ नसलेल्या गोदीकामगारांचं खाणं ते.

झांग झिदोंग हा हांखौच्या गोष्टीतला माझा आवडता माणूस. १८८९ ते १९०७ या काळात, मधली थोडी वर्षं सोडता, तो हुपे आणि हुनान या दोन प्रांतांचा मुख्य कारभारी म्हणून वुचांगला होता. हानयांगचा पोलाद कारखाना त्याचा, सूतगिरण्या त्याच्या, शाळा त्याच्या. जुन्या वळणाचा पंडित, पण परकीय पाच पट्ट्यांत काय चाललंय ते रोज नदीपलीकडून बघत होता. १८९९ मध्ये त्यानं हांखौ हानयांगपासून तोडून त्याचा स्वतंत्र तालुका करून घेतला. गाव वसल्यावर चारशे वर्षांनी त्याला पहिल्यांदा स्वतःची कचेरी मिळाली, आणि तीही परकीय वकिलातींशी रोजचा व्यवहार करायला हानयांगहून नाव काढणं परवडेना म्हणून. मग १९०५ मध्ये त्यानं मागच्या दलदलीपलीकडून मोठा बांध घातला. तलावाचा तळ जमीन झाला. तट निरुपयोगी झाला, तो पाडून त्याच्या जागी रस्ता केला. तोच आज शहराचा मोठा हमरस्ता. पाण्याखालची जमीन आधीच कवडीमोलानं घेऊन ठेवलेला ल्यू शिनशंग नावाचा दलाल रातोरात जमिनीचा राजा झाला, हेही खरं. नवा बांध आला की त्याच्या आतल्या जमिनीचा भाव कोणाला मिळतो, हा प्रश्न त्याच्याबरोबरच येतो. तरी लोकांनी बांधाला नाव दिलं ते झांगचं.

१९११ ची बादशाही उलथवणारी क्रांती, हांखौच्या रशियन वसाहतीत चुकून झालेला बाँबचा स्फोट, दुसऱ्या दिवशी वुचांगमधला उठाव, मग सरकारी सैन्यानं लावलेली आग आणि जळून गेलेलं निम्मं गाव, हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे. पुढची उलथापालथही मी भरभर सांगतो. जर्मन पट्टा १९१७ मध्ये परत मिळाला. १९२७ च्या जानेवारीत हांखौच्या रस्त्यावरच्या लोकांनी ब्रिटिश पट्टा अक्षरशः ताब्यात घेतला आणि फेब्रुवारीत ब्रिटिशांना करारावर सही करावी लागली. चीनमध्ये ब्रिटिशांनी लोकांच्या रेट्यापुढे अशी वसाहत सोडण्याची ती पहिली मोठी वेळ. पण कारभाराची घडी काही बसेना. कधी हांखौ वेगळी महानगरपालिका, कधी वुहानचा भाग, कधी थेट केंद्राच्या हाताखाली, कधी प्रांताच्या. वीस-बावीस वर्षं पाट्या बदलत राहिल्या.

आणि मधे १९३१ आलं.

त्याच्या आदल्या वर्षी, दोन नद्यांच्या संगमावरचं नागराजाचं देऊळ रस्तारुंदीत पाडलं होतं. चिनी लोकांचा नागराज म्हणजे पावसापाण्याचा धनी. जुलैत पाऊस कोसळत राहिला, महिनाअखेरीपासून बांध आणि रेल्वेचे भराव फुटत गेले आणि ऑगस्टमध्ये हांखौच्या रस्त्यांतून होड्या चालू लागल्या. लोक म्हणाले, देवळाला हात लावला त्याचं हे फळ. सुशिक्षितांनी याला अडाणीपणा ठरवलं. मला तो अडाणीपणा वाटत नाही. देऊळ पाडणारी आणि बांध राखणारी पालिका एकच होती. एक काम तिनं हौसेनं केलं, दुसरं केलं नाही. लोकांना कारभाराविरुद्ध तक्रार करायला दुसरी जागा नव्हती, ती त्यांनी देवाच्या नावानं केली.

पाणी आठवड्यांमागून आठवडे उतरलं नाही. माणसं रेल्वेच्या भरावावर, छपरांवर, हानयांगच्या टेकड्यांवर राहिली. बुडून मेले त्यांच्यापेक्षा नंतर पटकी, हगवण आणि उपासमारीनं जास्त मेले. पुराची पाहणी करायला आलेल्या प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्गचं विमान ऑक्टोबरात ब्रिटिश युद्धनौकेवरून पाण्यात उतरवताना हांखौच्या प्रवाहातच उलटलं. तो आणि त्याची बायको बचावली. मदतीच्या राष्ट्रीय आयोगाची सूत्रं प्रत्यक्षात चालवायला आणलेले जॉन होप सिम्पसन हे हिंदुस्थानच्या सनदी सेवेत मुरलेले गृहस्थ होते. दुष्काळी कामांची आपल्याकडची पद्धत, म्हणजे धान्य वाटण्याऐवजी काम द्यायचं आणि कामाबद्दल धान्य, ती तिथेही वापरली गेली. अमेरिकेतून उधारीवर आणलेला गहू खाऊन लाखो माणसांनी फुटलेले बांध पुन्हा घातले.

१९३८ मध्ये हांखौत आणखी एक पूर आला, माणसांचा. राजधानी नानजिंग जपान्यांच्या हाती पडल्यावर चीनचं सरकार, वर्तमानपत्रं, दवाखाने, निर्वासित सगळे इथे लोटले. सप्टेंबरच्या अखेरीस काँग्रेसनं पाठवलेलं भारतीय वैद्यकीय पथक कँटनहून हांखौला पोचलं. पाच डॉक्टर. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीसांचं नाव आपल्याला येनान आणि उत्तरेतल्या आघाडीशी जोडून ठाऊक आहे. चीनमधलं त्यांचं पहिलं काम मात्र हांखौच्या जखमींमध्ये झालं. ऑक्टोबरच्या २५ तारखेला शहर जपान्यांच्या हाती पडलं. त्याआधी पथक नदीमार्गे यिचांगकडे आणि तिथून चोंगचिंगला निघालं. जखमींनी भरलेल्या बोटींच्या त्या रांगेत आपली माणसं होती, हे नदीकाठच्या जिन्यावर उभं राहिल्यावर मला विशेष जाणवायचं. कोटणीस परत आलेच नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांचे असताना, ते तिकडेच गेले.

१९४९ च्या मे महिन्यात नवं सरकार आलं. तीन गावांचं एक वुहान केलं आणि हांखौ हे नाव कारभाराच्या कागदांवरून कायमचं गेलं. आज तिथे तीन जिल्हे आहेत: जुन्या परकीय पट्ट्यांचा च्यांगआन, मधला च्यांगहान आणि हान नदीकडचा च्याओखौ. कोणत्याही सरकारी शिक्क्यावर हांखौ सापडत नाही. रेल्वे स्टेशनावर आहे आणि लोकांच्या तोंडात आहे. कचेरी नव्हती तेव्हाही नाव होतं, कचेरी गेल्यावरही आहे.

आमच्या इमारतीखाली संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडून बसणारे एक आजोबा होते, गोदीतून निवृत्त झालेले. १९५४ मध्ये ते शाळकरी पोर होते. बांधावर मातीची पोती खालून वर हातोहात द्यायची रांग होती, त्यात बायका, विद्यार्थी, कारखान्यातले कामगार, सगळे असायचे, असं ते सांगायचे. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात एक माणूस फक्त बांधाच्या आतल्या उतारावर चालायचा आणि पाणी कुठून झिरपतंय ते तळपायानं ओळखायचा, हेही त्यांनीच सांगितलं. बांध फुटतो तो वरून पाणी गेल्यानं क्वचितच. आतून वाळू धुपते, पायथ्याशी गढूळ झरा फुटतो, आणि तो वेळेत दिसला नाही तर संपलं. झरा स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं, गढूळ असेल तर धावायचं. एवढं ज्ञान तिथल्या साध्या माणसाला असतं.

१९९८ मध्ये ते पुन्हा बांधावर होते. त्या वर्षी नागराजाच्या देवळाच्या जागेवर, संगमाच्या कोपऱ्यावर, सगळ्यात धोका होता. तिथे बांध राखणाऱ्या सोळा कम्युनिस्ट पक्षसदस्यांनी एका फळ्यावर सह्या केल्या: बांध राहिला तर आम्ही राहू. तो फळा नंतर फार प्रसिद्ध झाला. सरकारनं त्याचा प्रचाराला उपयोग केला हे उघड आहे. पण माझ्या मनातून तो जात नाही. १६३५ पासून या शहरानं कारभाऱ्याकडे जे मागितलं ते हेच होतं, की पाण्याच्या बाजूला तू स्वतः उभा राहा आणि तुझं नाव लिहून ठेव.

आता तिथे उद्यान आहे. पूरभिंतीच्या बाहेर, नदीच्या बाजूला, संध्याकाळी हजारो लोक पतंग उडवतात, नाचतात. भिंतीत रस्त्यांच्या टोकाला दारं आहेत आणि दोन्ही बाजूंच्या काँक्रीटमध्ये खोबणी. पाणी वाढलं की त्या खोबणींत फळ्या बसवून दार बुजवायचं आणि उद्यान नदीला देऊन टाकायचं. हे काम जिल्ह्याचं. त्याखाली रस्ता-कार्यालय, त्याखाली वस्ती-समिती, आणि तिच्याखाली प्रत्येक काही इमारतींमागे एक नेमलेला माणूस. २०२० च्या टाळेबंदीत दारावर भाजी पोचवणारी आणि दारं बंद ठेवणारीही हीच यंत्रणा. तिची जरब मी पाहिली आहे, ती मला आवडत नाही. जुन्या व्यापारी संघांना ज्या गोष्टी नाकारता यायच्या त्या आजच्या वस्ती-समितीला नाकारता येत नाहीत. पण त्याच वर्षी, टाळेबंदी उठून तीन महिने झाले असताना, जुलैच्या १२ तारखेला पाणी २८.७७ वर गेलं. १९३१ पेक्षा अर्धा मीटर जास्त. दारं बुजवलेली होती, माणसं बांधावर होती, शहर कोरडं राहिलं.

तरी या सगळ्यात एक हिशेब उरतो आणि तो हांखौत बसून मांडता येत नाही. १९५४ ला शहर वाचलं ते फक्त मातीच्या पोत्यांनी नाही. सरळ रेषेत दोनेकशे किलोमीटर वर, कुंगआन तालुक्यात, १९५२ मध्ये पूर वळवण्यासाठी दरवाजे बांधले होते. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ते तीनदा उघडले आणि पाणी तिथल्या शेतांत, घरांत सोडलं. यांगत्सेच्या मधल्या आणि खालच्या खोऱ्यात त्या वर्षी तेहतीस हजारांहून अधिक माणसं गेली. १९९८ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. कुंगआनच्या तीन लाखांवर लोकांना गुरंढोरं, भातं मागे टाकून घरं सोडायला लावली. दरवाजे अखेर उघडले नाहीत. वरचं थ्री गॉर्जेस धरण झाल्यापासून ती वेळ आलेली नाही, पण दरवाजे आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला गावंही आहेत. हांखौच्या तीन जिल्ह्यांचा कुंगआनवर काही अधिकार नाही, कुंगआनच्या लोकांना वुहानच्या पालिकेत मत नाही. बांध मात्र दोघांचा एकच. पुढच्या खेपेला गेलो की मला कुंगआनला जायचं आहे, आणि तिथल्या त्या वेळच्या माणसांना विचारायचं आहे की १९९८ च्या त्या रात्री घर सोडून जा म्हणून सांगायला कोण आलं होतं, आणि परत या म्हणून सांगायला कोण.